फॉर्मवरची ठणठणीत मुलगी

फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. पडद्यावर नॉटिंगहॅमचं घर: मध्ये लॅपटॉप घेऊन बसलेला केदार, शेजारी त्याची आई म्हणजे उषाकाकू, आणि कडेच्या खुर्चीत त्याचे बाबा, म्हणजे काका. पडद्याच्या अलीकडे नाशिकच्या आमच्या स्वयंपाकघरात मी, आणि माझ्यामागे कणीक मळणारी माझी आई. साखरपुडा होऊन पाच महिने झाले होते आणि माझा फियान्से व्हिसा त्याच आठवड्यात हातात आला होता. सहा महिन्यांचा. त्या मुदतीत तिकडे जाऊन लग्न करायचं आणि मग बायको म्हणून तिथूनच पुढचा अर्ज करायचा, असा तो प्रकार. काकांना पक्षाघातानंतर विमानप्रवास बंद होता, म्हणून लग्न तिकडे ठरलं होतं.

“सो, एनएचएसचा सरचार्ज आपण त्या सेकंड अर्जाबरोबर भरणार,” केदार म्हणाला. एनएचएस म्हणजे तिकडची सरकारी आरोग्यसेवा. केदार तिथेच जन्मलेला, शाळेत भूगोल शिकवतो, आणि मराठी अगदी धीटपणे बोलतो, चुकांची फिकीर न करता. “तोपर्यंत तुझा हॉस्पिटल फ्री नाही. म्हणून हा इन्शुरन्स. थोडे क्वेश्चन्स आहेत, मी वाचतो.”

दमा? नाही. मधुमेह? नाही. कुठलं ऑपरेशन? नाही. “एनी हार्ट कंडिशन, एव्हर?”

मी तोंड उघडायच्या आत मागून आईचा आवाज आला, “नाही हो, एकदम ठणठणीत आहे आमची मुक्ता!”

उषाकाकू हसल्या. केदारने टिक केलं आणि “डन” म्हणाला. प्रश्न विमा कंपनीने मला विचारला होता. आईने उत्तर माझ्या सासरच्यांना दिलं होतं. आणि मी, वय वर्षं एकतीस, द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या कंपनीच्या लॅबमध्ये रोज नमुने तपासून पास-नापासची सही करणारी बाई, गप्प बसले.

हे लिहितेय ते त्या गप्प बसण्याबद्दल. तुमच्याही हातात असाच सहा महिन्यांचा कागद असेल आणि असाच एखादा चौकोन तुम्ही घाईने ओलांडला असेल, तर पुढचं वाचा. घाबरवण्यासाठी लिहीत नाहीये. पण घाबरलात तर मला चालेल.

*

अकराव्या वर्षी माझा घसा दुखून ताप आला. ताप गेला आणि गुडघे सुजले. गुडघे उतरले तर घोटे. महिनाभराने डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. रूमॅटिक ताप, म्हणाले, हृदयाची एक झडप दुखावली आहे. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायचं, वयाच्या चाळिशीपर्यंत. वर्षातून एकदा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढायचा.

ते इंजेक्शन कमरेत इतकं दुखायचं की दोन दिवस मी शाळेत बाकावर एका बाजूला कलून बसायचे. बाईंना सांगायचं, कॅल्शियमचं आहे. मामाला सांगायचं, कॅल्शियमचं आहे. मी कॉलेजात असताना बाबा गेले आणि आईला मग एकच धास्ती उरली. “मुलीच्या हृदयात दोष आहे म्हटल्यावर कोण येणार आहे दारात?” मी चोवीस वर्षांची झाले, पहिलं स्थळ सांगून आलं, आणि इंजेक्शनं बंद झाली. दवाखान्यात कुणी ओळखीचं भेटलं तर काय, ही भीती. फाईल कपाटात आईच्या पैठणीखाली गेली.

खरं सांगते, मला तेव्हा आईचा राग वगैरे आला नाही. मी सुटले म्हणून खूश झाले. मला काहीच होत नव्हतं. गणपतीत नाचत होते, पांडवलेणी चढत होते, मैत्रिणींपेक्षा दोन पायऱ्या पुढे.

व्हिसासाठी क्षयाची तपासणी लागते, त्यात छातीचा एक्स-रे काढतात. तो पास झाला तेव्हा आई म्हणाली, “बघ, आता तर इंग्लंडच्या सरकारनेच सांगितलं.” एक्स-रे फुप्फुसांसाठी होता हे मला माहीत होतं. तरी मी मान डोलावली.

*

सप्टेंबरच्या सुरुवातीला मी नॉटिंगहॅमला पोचले. रजिस्ट्रारकडे ऑक्टोबरची तारीख मिळत होती. उषाकाकूंनी ती परत केली. “चातुर्मासात कसलं लग्न? तुळशीचं लग्न लागू दे आधी.” तारीख नोव्हेंबरअखेरची ठरली. लग्न पुढे गेलं म्हणून अर्ज पुढे गेला, अर्ज पुढे गेला म्हणून एनएचएस पुढे गेलं. कुणाला त्यात काही वाटलं नाही, कारण मी ठणठणीत होते ना!

त्या घरात वर जायला तेरा पायऱ्या आहेत. पहिला आठवडा मी धडधड चढले. महिन्याभरात आठव्या पायरीवर थांबायला लागले. तिथे भिंतीवर केदारचा शाळेतला फोटो आहे, पुढचे दोन दात पडलेला. मी तो फोटो बघत असल्याचं नाटक करायचे. रोज, दिवसातून चार-पाच वेळा. काकूंना वाटलं, किती जीव आहे पोरीचा ह्याच्यावर! एकदा तर त्या म्हणाल्या, “खोलीत लावून देऊ का तुझ्या?” मी घाईघाईने नको म्हटलं. मग थांबले कुठे असते?

काका मात्र फसले नाहीत. पक्षाघातात त्यांची वाचा गेली होती. परत आले ते पाच-सहा शब्द. त्यांची खुर्ची जिन्यासमोर असते. एका दुपारी मी आठव्या पायरीवर उभी असताना खालून त्यांनी विचारलं, “श्वास?”

“थंडीची सवय नाही ना, काका,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली नाही. नुसते बघत राहिले.

मग आडवं झालं की खोकला यायला लागला. दोन उश्या, मग तीन. ऑक्टोबरच्या शेवटी एका सकाळी बेसिनमध्ये थुंकले तर फेस गुलाबी होता. मी नळ पूर्ण सोडला आणि पाणी स्वच्छ होईपर्यंत बघत उभी राहिले. बाहेर काकू चकलीच्या भाजणीचा वास कसा आलाय ते विचारत होत्या. मस्त, म्हणून मी आतूनच ओरडले.

केदार रोज म्हणायचा, “जीपीकडे रजिस्टर कर, तो सगळ्यांना फ्री असतो.” मी रोज उद्यावर ढकलायचे. जीपी म्हणजे इथला घरचा डॉक्टर. तो छातीला स्टेथोस्कोप लावणार, आणि तिथे आई मागून उत्तर द्यायला नव्हती. त्यातच इथल्या मराठी बायकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं: ‘व्हिसा पेंडिंग असेल तर हॉस्पिटलचं तोंड बघू नका. नाव डायरेक्ट होम ऑफिसला जातं.’ होम ऑफिस म्हणजे व्हिसा देणारं सरकारी खातं. खाली कितीतरी जणींनी रांगेने हात जोडले होते. मी तो मेसेज इतक्या वेळा वाचला की पाठ झाला. अर्धवट माहिती होती ती, हे पुढे कळलं. जीपीला पैसे पडत नाहीत, ए अँड ईमध्ये, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात, तपासायलाही पडत नाहीत. माझ्यासारखीला वॉर्डात दाखल केलं की पडतात. तातडीचा उपचार पैशांसाठी अडवत नाहीत. पण मोठं बिल तसंच थकवलं तर व्हिसा नाकारला जाऊ शकतो. हे मला कुणालाही विचारता आलं असतं. विचारायचं म्हणजे का विचारतेस ते सांगावं लागलं असतं.

*

केळवणाला नाही म्हणायचं नसतं. उषाकाकूंची चुलतबहीण शैलामावशी वेम्बलीत ईलिंग रोडवर राहते, दुकानांच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. काठापदराची साडी नेसून मी ते जिने चढले, आणि प्रत्येक वळणावर वाकून निऱ्या ठीक केल्या. मावशी वरून म्हणाली, “किती गं टापटीप मुलगी!”

पाटाभोवती रांगोळी, औक्षण, हळदीकुंकू. पानात अळूची भाजी, मसालेभात, पापड, कुरडया, दोन प्रकारची लोणची, आणि मठ्ठ्याचा ग्लास रिकामा होऊ द्यायचा नाही असा मावशीचा चंग. मी सगळं खाल्लं. अशा हृदयाला मीठ म्हणजे विष असतं, हे मला अकराव्या वर्षापासून ठाऊक होतं. पण नवरी मुलगी लोणचं नको म्हणाली की चार बायका एकमेकींकडे बघून हसतात, आणि मला कसलीच चर्चा नको होती.

परतताना साडेतीनला मोटरवेवर उजेड उतरायला लागला. केदार गाडी चालवत होता, मी शेजारी, काकू मागे. नॉटिंगहॅम जवळ आल्यावर मला बसल्या जागी श्वास पुरेना. बादलीत तोंड बुडवून श्वास घ्यावा तसं. काकू म्हणाल्या, “ॲसिडिटी असेल, मठ्ठा जास्त झाला.” केदारने माझ्याकडे बघितलं. माझे ओठ निळे झाले होते म्हणे.

“ए अँड ई नको,” मी म्हटलं. एकेक शब्द सुटा येत होता. “घरी. केदार. व्हिसा.”

त्यावर त्याने आईसमोर कधी उच्चारला नसेल असा एक इंग्रजी शब्द व्हिसाला जोडला आणि गाडी हॉस्पिटलच्या दिशेला वळवली. काकूंनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, संपलं. मरणाचं नाही वाटलं. आता सगळं कळणार, ह्याचं वाटलं. किती मूर्ख असावं माणसाने!

ऑक्सिजनचा मास्क, हातात सुई, छातीवर गार गार चिकटपट्ट्या. तरुण डॉक्टरने भराभर विचारलं, कधीपासून, काय औषधं, लहानपणी रूमॅटिक ताप वगैरे? केदारने माझा हात धरला होता. “नो, नो, शी इज सुपर हेल्दी,” तो माझ्या वतीने म्हणाला. डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मीही मास्कच्या आतून ‘नो’ म्हटलं. श्वास घेण्यापुरती ताकद नव्हती, पण खोटं बोलण्यापुरती होती.

*

दुसऱ्या दिवशी इको झाला आणि वॉर्डातल्या मुख्य डॉक्टरीणबाई आल्या. उंच, पिकलेल्या केसांच्या, चष्मा दोरीला अडकवलेला. मागे विद्यार्थ्यांचा घोळका. त्यांनी अदबीने विचारलं, मुलांनी ऐकलं तर चालेल का? अशी झडप आता इथे फारशी बघायला मिळत नाही.

वीस वर्षं माझ्या आईने जे मामाच्या कानावर जाऊ दिलं नाही, ते त्या सकाळी आठ अनोळखी पोरापोरींनी एकेक करून ऐकलं. डोळे मिटून. एकीचा तर चेहरा उजळला, सापडलं म्हणून. तिने कौतुकाने स्टेथोस्कोप केदारकडे दिला. तो वाकला. बराच वेळ वाकून राहिला.

“इट्स लाइक... लांबून लॉरी जाते तसा आवाज,” तो हळूच म्हणाला.

बाई म्हणाल्या, हे ह्या वर्षीचं नाही. पंधरा-वीस वर्षांचं आहे. लहानपणी तुला कुणी काही सांगितलं होतं का?

केदार माझ्याकडे बघत होता. माझं उत्तर ‘नाही’ असणार, ह्याची त्याला इतकी खात्री होती की तो माझ्याऐवजी त्यांच्यावरच वैतागल्यासारखा दिसत होता. तो चेहरा मला अजून छळतो.

“मला चहा आणतोस?” मी त्याला म्हटलं.

तो गेल्यावर मी बाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या. झडप फुग्याने उघडावी लागेल, म्हणाल्या, मांडीच्या शिरेतून, येत्या काही दिवसांत. त्यासाठी जुने कागद मिळाले तर फार बरं. मग थोडं थांबून म्हणाल्या, लग्नानंतर ह्या अवस्थेत दिवस राहिले असते, तर बाळंतपणापर्यंत तू पोचली नसतीस. मी चादरीचा काठ मुठीत धरून बसले होते.

“विमा कंपनी मला विचारेल,” त्या म्हणाल्या. “मी लिहीन की झडप जुनी आहे. तुला ते माहीत होतं की नाही, हे फक्त तूच सांगू शकतेस.”

केदार चहा घेऊन आला. मी त्याला सांगितलं. इंजेक्शनं, फाईल, आठवी पायरी, गुलाबी फेस. चहा त्याच्याच हातात राहिला.

“मी विचारला होता,” तो म्हणाला. “मुक्ता, मी वाचून विचारला होता. आणि काल इथे, डॉक्टरला मीच सांगितला, शी इज हेल्दी. तू मला बोलू दिली.”

“हो.”

“तू मेली असती तर? मी सांगितला म्हणून?”

त्याने कप लॉकरवर ठेवला आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही.

*

उषाकाकू आल्या. भेटायची वेळ सुरू होता होता आल्या, फ्लास्क लॉकरवर ठेवला आणि उभ्याच राहिल्या. “फसवलंत तुम्ही आम्हाला,” म्हणाल्या. “आजाराचं नाही म्हणत मी. आजार कुणालाही होतो. पण आम्ही विचारलं होतं गं! समोर बसवून विचारलं होतं.” आणि डोळ्याला पदर लावून निघून गेल्या. फ्लास्कमध्ये मऊ भात होता, तूप घातलेला, मीठ अजिबात न घातलेला. म्हणजे त्यांनी नर्सला विचारून केला होता. मी रडत रडत सगळा खाल्ला.

हॉस्पिटलच्या परदेशी रुग्णांच्या कार्यालयातून एक बाई आल्या, गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्म. मी इतकी घाबरले की मशीनचा पीं-पीं आवाज वाढला. त्यांनी आधी तो थांबायची वाट पाहिली. मग शांतपणे सांगितलं, उपचार थांबणार नाहीत, पण बिल येणार. विमा कंपनीने नाही म्हटलं तर आमच्याशी बोल, हप्ते ठरवून घे, आणि ते लेखी असू दे. व्हिसाचा अर्ज करायच्या आधी. लपून बसलेल्या लोकांचं सगळ्यात वाईट होतं, असंही म्हणाल्या. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी त्या जागी असेल तर एवढं लक्षात ठेवा: त्या कार्यालयाला घाबरून पळू नका, तिथे जाऊन बसा.

तिसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डाच्या दारात काठीचा आवाज आला. काका. एकटे, टॅक्सी करून. तो लांबलचक कॉरिडॉर ते कसे चालले असतील देव जाणे. खुर्चीत बसले, धाप जिरू दिली, आणि मला विचारलं, “श्वास?”

“बरा आहे. काका, मी खोटं बोलले.”

त्यांनी शब्द शोधला. त्यांना शोधताना बघणं कठीण असतं. मदत करावीशी वाटते आणि करायची नसते. “मी... पण,” ते म्हणाले. “गोळ्या.” आणि हाताने काहीतरी केराच्या टोपलीत टाकल्याची खूण केली. रक्तदाबाच्या गोळ्या. घेतल्या म्हणून सांगायचे आणि टाकून द्यायचे, पक्षाघात होईपर्यंत.

“काकूंना माहितेय?”

त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि अर्ध्या चेहऱ्याने हसले. हे त्यांना विचारूनच लिहितेय. काकूंना आता माहीत आहे, आणि त्यावरून जे झालं ते त्या घराचं त्या घरात राहू दे.

*

चौथ्या दिवशी विमा कंपनीचा फोन येणार होता. त्याच्या आधी आईचा आला.

“हे बघ, म्हणायचं, तिकडे गेल्यावर झालं. तिकडच्या हवेने झालं. ती फाईल मी आजच जाळून टाकते. कुणाला काही सापडणार नाही.”

“आई, ती फाईल इथल्या डॉक्टरांना हवीय.”

“आणि बिल? आणि व्हिसा नाकारला म्हणजे? मोडलेलं लग्न घेऊन परत येणार आहेस का तू?”

तिचं चूक नव्हतं, हेच वाईट होतं. एक ‘नाही’, आणि विमा कदाचित पैसे देणार, बिल मिटणार, व्हिसाच्या वाटेतला धोंडा जाणार. एक ‘हो’, आणि सगळं अधांतरी. मला खूप राहायचं होतं हो इथे. त्या तेरा पायऱ्यांच्या घरात, दात पडलेल्या फोटोतल्या माणसाबरोबर. आणि तोही दोन दिवस आला नव्हता.

“फाईल जाळू नकोस,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

कंपनीचा आवाज गोड होता. संभाषण रेकॉर्ड होत असल्याचं सांगितलं. मग तोच प्रश्न, थोडा लांबवून: पॉलिसी घेण्यापूर्वी तुम्हाला ह्या आजाराची माहिती होती का? तेवढ्यात पडद्यापाशी केदार येऊन उभा राहिला. शाळेतून थेट आला होता, ओल्या कोटात. त्याला बघून मी बोलले असं म्हणायला छान वाटेल, पण मला वाटतं मी त्याच्याशिवायही बोलले असते. नक्की सांगता येत नाही.

“हो,” मी म्हटलं. “अकराव्या वर्षापासून. फॉर्म भरताना मी तिथेच होते आणि मी गप्प बसले.”

आवाजाने आभार मानले. पॉलिसी रद्द झाल्याचं पत्र पुढे आलंच.

केदार खुर्चीत बसला. “मी अजून खूप रागावला आहे,” म्हणाला. “लाइक, खूप. पण ते करायला तू पाहिजे ना. जिवंत.” मग त्याने माझ्या हातावर डोकं टेकलं. सुईच्या हातावर. भयंकर दुखलं. मी सांगितलं नाही, मग लगेच वाटलं, पुन्हा तेच, आणि सांगितलं, “दुखतंय.” त्याने दचकून डोकं उचललं आणि आम्ही दोघं हसलो.

त्या दुपारी माझा फोन सारखा वाजत राहिला. आई फाईल पाठवत होती, एकेका पानाचा फोटो काढून, काही वाकडे, काहींत तिचा अंगठा. शेवटी एका शंभरपानी वहीची पानं आली. माझ्या प्रत्येक इंजेक्शनची तारीख, तिच्या अक्षरात, तेरा वर्षांची, प्रत्येकीपुढे बरोबरची खूण. शेवटच्या तारखेनंतरही तिने पट्टीने रेघा मारून ठेवल्या होत्या, रिकाम्या. ती वही तिने सात वर्षं पैठणीखाली जपली होती. मी डॉक्टरीणबाईंना ती पानं दाखवली. त्या म्हणाल्या, हे कुणी ठेवलंय? मी म्हटलं, आईने. मला तिचा राग तेव्हा पहिल्यांदा आला, आणि कीवही.

*

फुगा घालतात तेव्हा तुम्ही जाग्या असता. गुंगी असते, पण छत दिसतं. छातीत कुणीतरी घट्ट बसलेलं झाकण उघडावं तसं काहीतरी झालं, आणि मग हवा आली. इतकी हवा असते छातीत, हे मी विसरूनच गेले होते. पुढे कधीतरी झडप बदलावी लागेल. इंजेक्शनं पुन्हा सुरू झाली आहेत, कॅल्शियमची नव्हेत.

लग्न ठरल्या तारखेला झालं, रजिस्ट्रारच्या ऑफिसात. मी खुर्चीवर बसून. उषाकाकू पाहुण्यांना सांगत फिरत होत्या, “व्हायरल झालं होतं हो तिला, अशक्तपणा आहे.” मी ऐकलं आणि काही बोलले नाही. शैलामावशी म्हणाली, “केळवणाला तर छान जेवली होतीस!”

आणि मग जानेवारीत, एका रविवारी सकाळी, दुसरा अर्ज. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप. आता माझा फोन इकडच्या साखरेच्या डब्याला टेकलेला आणि पडद्यात नाशिकहून आई. काकू समोर, काका खुर्चीत. केदार वाचत होता. नाव, जन्मतारीख, लग्नाचा दाखला. मग तो थांबला.

“हॉस्पिटलचा उपचार घेतला का, आणि त्याचे पैसे अजून देणं बाकी आहे का,” त्याने वाचलं.

हप्ते लेखी ठरले होते, पण बाकी होतीच. पडद्यात आईने मान वर केली, तोंड उघडलं. मी तिच्याकडे बघितलं, मग काकूंकडे. व्हायरल सांगणाऱ्या काकूंकडे.

काकू उठल्या. त्यांनी डब्याला टेकलेला फोन उचलला, आईसकट.

“चला विहीणबाई,” म्हणाल्या, “आपण दोघी किचनमध्ये जाऊ. तिला विचारलंय, तिला सांगू दे.”

दार लागलं. काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी शब्द काढला नाही, पण कुठला होता ते मला कळलं. मी पूर्ण श्वास घेतला आणि ‘हो’ म्हटलं. केदारने टिक केलं.

निर्णय अजून आलेला नाही. दाराच्या फटीतून टपाल पडलं की अजून आम्ही सगळे जागच्या जागी थांबतो.